भरल्या टाकीला घाटात बसते, टाकी उतरली की पळते: सीएनजी ट्रक-बसचा फिरून फिरून येणारा बिघाड

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. रात्री गुजरातेत टाक्या फुल केल्या, पहाटे नवापूर सोडलं, विसरवाडी मागे पडली आणि भरल्या मालाची गाडी कोंडाईबारीच्या चढाला लागली. निम्म्या घाटात तिचा दम जातो. अ‍ॅक्सिलरेटर तळाला लावला तरी गाडी उठत नाही, झटके मारते, इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि शेवटी ती बंद पडते. ड्रायव्हर कडेला घेतो, मागे दगड लावतो, बिडी-काडी होते. दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी एका झटक्यात चालू. मग दहिवेल, साक्री, धुळे, पुढे पारोळा-एरंडोल, काहीच त्रास नाही. जळगावात गॅरेजला दाखवली तर स्कॅनरवर गॅसचा दाब कमी झाल्याचा जुना कोड दिसतो, बाकी गाडी ठणठणीत. मग प्लग बदलतात, फिल्टर बदलतात, एखादा मालक वैतागून इंजिनात गॅस सोडणाऱ्या इंजेक्टरची अख्खी रेल (ज्या पाइपवर ते बसतात तो) नवी टाकतो. पुढच्या खेपेला त्याच वळणावर पुन्हा तेच.

"भाऊ, गाडी वढसच नही" एवढं एक वाक्य ऐकून मेस्त्री पाना उचलतो, तिथूनच पैसे वाया जायला सुरुवात होते. पाना उचलण्याआधी ड्रायव्हरला विचारायचं: गाडी बसली तेव्हा गॅसचा काटा कुठे होता?

काटा दीडशे-दोनशे बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) असताना बसते आणि गॅस संपत येतो तशी सुधारते, तर दोष बहुतेक गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरला उष्णता न मिळण्यात आहे. उलट, भरल्या टाकीला झकास पळते आणि काटा साठ-सत्तरच्या खाली आला की रडते, तर गॅसच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. काट्याशी संबंधच नसेल, कधीही आणि कुठेही मिसिंग (इंजिन मधेच ठोका चुकवणं) असेल, तर गॅसला दोष देऊ नका. स्पार्क, हवा नाहीतर सायलेन्सर बघा. ही विभागणी शंभर टक्के चालते असं म्हणत नाही, पण अंदाधुंद सामान बदलण्यापेक्षा पुष्कळ बरी.

पहिला प्रकार आपल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त, त्यामुळे त्याच्याबद्दल सविस्तर.

टाकीतला गॅस दोनशे बारने दाबलेला असतो. इंजेक्टरला लागतो तो साधारण आठ-दहा बारचा. गाडीगणिक आकडा थोडा इकडेतिकडे. मधला सगळा दाब रेग्युलेटर उतरवतो. दाबलेला वायू एकदम मोकळा झाला की गार पडतो. ट्रकच्या टायरमधली हवा सोडताना व्हॉल्वची पिन बोटाला गार लागते, तसंच. फरक एवढाच की इथे दोनशेवरून दहावर उतरताना गॅसचं तापमान पन्नास अंशांहून जास्त खाली येतं. टाकीत पन्नास बारच उरले असतील तर हीच घसरण वीसेक अंशांची होते. म्हणजे टाकी जितकी भरलेली, तितका रेग्युलेटर जास्त गार. त्यात चढ आला की इंजिन गॅस ओढतं. मध्यम ट्रकचं इंजिन पूर्ण लोडवर ताशी वीसेक किलो गॅस सहज खातं, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) त्याच्या दशांशही लागत नाही. फुल टाकी, पूर्ण लोड, पहाटेची थंडी: तिन्ही गोष्टी कोंडाईबारीत एका वेळी जुळतात. शिरपूरहून सेंधव्याकडे जाताना बिजासनच्या चढालाही हेच ऐकू येतं.

हा गारवा मारायला इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं पाणी) दोन नळ्यांनी रेग्युलेटरमधून फिरवलेलं असतं. ते फिरलं नाही, किंवा फिरलं पण कोमटच असलं, तर रेग्युलेटर गोठतो. आतलं रबर ताठ होतं, गॅसमध्ये थोडीशी ओल असली तर तिचा बर्फ धरतो आणि वाट बुजते. पाणी शून्य अंशालाच गोठतं हा हिशेब इथे चालत नाही, हे ध्यानात ठेवा. गॅस आणि पाणी मिळून जास्त दाबाखाली बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि शंभर बारला तो दहा अंशांनाही जमतो. गाडी कडेला थांबली की इंजिनची ऊब हळूहळू पोचते, बर्फ सुटतो, गाडी चालू होते. गॅरेजला पोचेपर्यंत पुरावाच उरत नाही, म्हणून हा बिघाड महिनोन्महिने सापडत नाही.

आता मूळ कारण. गोठतो रेग्युलेटर, पण दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. इंजिन तापतं. रेडिएटर धुळीने आणि कपाशीच्या तुसाने बुजलेला असतो, फॅनचा क्लच ढिला असतो, पण ते काढून साफ करायला दिवस मोडतो. मग रस्त्यावरचा मेस्त्री सोपा उपाय करतो: थर्मोस्टॅट (कूलंट तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकतो. डिझेल गाड्यांवर वर्षानुवर्षं हेच चालत आलं, काटा खाली येतो, मालक खूश. सीएनजी गाडीवर मात्र हा उपाय सात-आठ महिन्यांनी अंगावर येतो. थर्मोस्टॅट नसला की कूलंट थंड असतानाही सरळ रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन ऐंशीपर्यंत तापतच नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा रेग्युलेटरला मिळतं कोमट पाणी. तेही कमी मिळतं, कारण सगळा ओघ मोठ्या नळीने रेडिएटरकडे गेलेला असतो. बिघाड दिसतो जानेवारीत आणि केलेला असतो मे महिन्यात. मधे दोन-तीन गॅरेजं बदललेली असतात, ड्रायव्हरही बदललेला असतो, मग दुवा कोण जोडणार?

म्हणून हिवाळ्यात अशी गाडी आली की आधी थर्मोस्टॅट आहे का बघा. उघडून बघायचं नसेल तर सोपी खूण आहे. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावा. थर्मोस्टॅट असेल तर नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते. चालू केल्यापासूनच हळूहळू कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. नवा टाका. कंपनीच्या क्रमांकाचाच टाका, दुसऱ्या गाडीचा कमी तापमानाला उघडणारा नको. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर रेडिएटर आणि फॅनवर खर्च करा.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर रेग्युलेटरच्या दोन्ही नळ्या बघा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर जाणारी आणि येणारी, दोन्ही हात टिकणार नाही इतक्या गरम लागायला हव्यात. एक गरम आणि दुसरी गार, म्हणजे आतून पाणी जात नाही. त्याची कारणं तीन. पहिलं, एअर धरलीय. रेडिएटरचं किंवा वॉटर पंपाचं काम झालं, कूलंट भरलं, पण हवा काढली नाही. रेग्युलेटर बऱ्याच गाड्यांत उंचावर असतो, हवा तिथेच जाऊन बसते. इंजिन गार असताना कूलंटची टाकी पूर्ण भरा, रेग्युलेटरची परतीची नळी क्लिप ढिली करून थोडी उचला, पाण्याची अखंड धार आली की घट्ट करा, मग इंजिन चालू करून पातळी पुन्हा भरा. गरम इंजिनवर हा उद्योग करू नका; तोंडावर वाफ आलेली माणसं पाहिली आहेत. दुसरं कारण, नळी कुठेतरी पिळली किंवा केबिन खाली करताना दबली. तिसरं आणि आपल्याकडचं खास: कूलंटऐवजी वर्षभर बोअरचं पाणी. बोअरच्या पाण्यातला क्षार चहाच्या पातेल्यातही दिसतो, तो रेग्युलेटरच्या बारीक वाटेत का बसणार नाही? अशा रेग्युलेटरची पाण्याची बाजू उघडली की पांढरा-पिवळा थर निघतो. थोडा असेल तर साफ होतो, जास्त असेल तर रेग्युलेटर गेला असं समजा. त्यानंतर तयार कूलंटच वापरा, ढाब्यावरच्या नळाचं पाणी नको. ज्या बसमध्ये रेग्युलेटर इंजिनापासून लांब बसवलाय तिथे लांब नळ्यांमुळे हे सगळे दोष आणखी लवकर दिसतात, विशेषतः शाळेच्या पहिल्या फेरीला.

घाटात गोठलीच तर काय करायचं? आधी गाडी सुरक्षित लावा. रेग्युलेटरच्या अंगावर पांढरं दव किंवा बर्फ दिसतोय का बघा आणि मोबाइलवर फोटो काढा, काट्याचाही काढा. मेस्त्रीला या दोन फोटोंचा उपयोग स्कॅनरपेक्षा जास्त. मग गरम पाण्यात भिजवलेलं फडकं रेग्युलेटरवर गुंडाळा, नाहीतर नुसतं थांबा. थंडीत डिझेलच्या टाकीखाली चिंध्या पेटवून ऊब द्यायची जुनी सवय काही ड्रायव्हरांच्या हातात अजून आहे. सीएनजी गाडीजवळ पेटती काडीसुद्धा नको. हवेत गॅसचं प्रमाण पाच टक्के झालं की तो पेट घेऊ शकतो, आणि गोठलेल्या रेग्युलेटरचं रबर नेमकं त्याच वेळी गळतं. पुन्हा चालू झाल्यावर मिनिटभर आयडलिंगला ठेवा, खालच्या गियरमध्ये अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरने चढा. घाट पार होतो. पण हा पार होण्यापुरता उपाय. थर्मोस्टॅट आणि कूलंट बघितल्याशिवाय पुढची खेप घेऊ नका.

कूलंट, थर्मोस्टॅट, नळ्या सगळं ठीक असून गोठत असेल तर ओलीकडे वळा. सीएनजीच्या टाक्यांची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट सक्तीची आहे, त्याशिवाय पंपावर गॅस भरून देत नाहीत. या टेस्टमध्ये सिलिंडरमध्ये पाणी भरून ते कामाच्या दाबापेक्षा खूप जास्त दाबलं जातं. नंतर आतून पूर्ण सुकवायचं असतं, घाईत ते अर्धवट राहतं. म्हणून ड्रायव्हरला दुसरा प्रश्न विचारा: टेस्टिंग कधी झालं? टेस्टिंगहून परतल्यापासूनच हा त्रास चालू झाला असेल तर गाडी त्याच केंद्राकडे परत न्या आणि सिलिंडर सुकवून मागा. सिलिंडरचा व्हॉल्व घरच्या घरी खोलायचा विचारही करू नका.

आता दुसरा प्रकार, काटा खाली आला की रडणारी गाडी. आधी एक गोष्ट मान्य करा: काटा वीस-तीस बारच्या खाली असताना भरल्या गाडीने चढावर दम सोडणं हा बिघाडच नाही. तेवढ्या दाबात रेग्युलेटरला पुरेसा गॅस ढकलता येत नाही. काही मालक ड्रायव्हरला काटा शून्याला टेकेपर्यंत पळवायला लावतात आणि मग गाडीला नावं ठेवतात.

पण साठ-सत्तरलाच रडत असेल तर फिल्टर. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल बारीक धुक्यासारखं गॅसबरोबर टाकीत येतं आणि गाडीच्या फिल्टरमध्ये साठतं. भरल्या टाकीचा दाब त्या चिकट्यातून गॅस ढकलून नेतो, दाब उतरला की नेता येत नाही. फिल्टरच्या तळाला ड्रेनचा बोल्ट असतो. तो उघडण्याआधी सगळ्या सिलिंडरचे व्हॉल्व बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला गॅस संपतो. काटा शून्यावर आला तरच पाना लावा. चमचाभर तेल निघालं तर पुसून टाका आणि विसरा. वाटीभर निघालं तर फिल्टरचा आतला कागद बदला आणि गॅस भरायचा पंपही बदला. एकाच मालकाच्या दोन गाड्या, एकीला दर महिन्याला तेल आणि दुसरीला नाही, असं दिसलं की दोघी गॅस कुठे भरतात ते विचारा. उत्तर बहुधा तिथेच मिळतं. तेल फिल्टरमधून पुढे गेलं की रेग्युलेटरचं रबर फुगतं आणि इंजेक्टर चिकटतात, आणि तो खर्च मोठा.

दुसरा अडथळा सिलिंडरच्या व्हॉल्वचा. ट्रकला चार-सहा टाक्या, प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व. एखादा बंद राहिला किंवा अर्धाच उघडला तरी काटा पूर्ण दिसतो, कारण काटा लाइनचा दाब दाखवतो, किती टाक्या उघड्या आहेत ते नाही. ड्रायव्हर म्हणतो अ‍ॅव्हरेज पडलं, मेस्त्री ट्यूनिंगच्या मागे लागतो. यावर हाताची परीक्षा आहे: गॅस भरून झाल्या झाल्या एकेका टाकीला हात लावा. भरताना गॅस दाबला जाऊन टाकी ऊब धरते. सगळ्या कोमट आणि एक गार, तर त्या गार टाकीत गॅस गेलाच नाही. बहुतेक व्हॉल्वमध्ये जादा ओघ रोखायची सोयही असते: पाइप तुटला तर गॅस एकदम सुटू नये म्हणून ती आपोआप अडते. कोणी व्हॉल्व झटक्यात उघडला तरी ती तशीच अडते आणि मग गॅस थेंबाथेंबाने येतो. व्हॉल्व पूर्ण बंद करा, मिनिटभर थांबा, अगदी हळू उघडा. बिनखर्चाचं काम, पण यासाठी गाड्या टो करून आणलेल्या आहेत.

इथेच अ‍ॅव्हरेजच्या तक्रारीबद्दल थोडं. उन्हाळ्यात पंपावर काटा दोनशे दाखवतो आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एकशे सत्तर-ऐंशी दाखवते. गळती नाही ही. भरताना गॅस तापलेला होता, थंड झाल्यावर दाब उतरला, एवढंच. बारवर भाव करू नका, पावतीवरचे किलो बघा. जिथे गॅस टँकरच्या सिलिंडरांतून आणून विकतात तिथे टँकर रिकामा होत आला की दाबच कमी मिळतो. त्या पंपावर टँकर बदलल्यावर भरलेलं बरं. गळतीची शंका असेल तर साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड तपासा, आणि जोड दाबाखाली असताना आवळू नका.

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. सीएनजीला स्पार्क पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगचा गॅप थोडा वाढला किंवा कॉइलच्या रबरी टोपीला तडा गेला की आधी चढावर मिसिंग येतं. लक्षण गॅस कमी पडल्यासारखंच. फरक स्कॅनरवर दिसतो: अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर रेलचा दाब पडला तर गॅसची बाजू, दाब जागचा हलला नाही आणि तरी झटके आले तर स्पार्कची. मिसिंग घेऊन महिनाभर गाडी चालवू नका. न जळलेला गॅस सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतो, त्याची जाळी वितळते, मग धुराला वाट उरत नाही आणि गाडी घाटात काय, सपाटीलाही बसते. तीनशे-चारशेच्या प्लगवरून बिल कुठल्या कुठे जातं.

शेवटी एक लक्षण, जे कुठल्याच गटात बसत नाही. कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) काढायला घेऊ नका. रेग्युलेटरच्या आतलं सील गेलं तरी गॅस पाण्यात शिरतो. इंजिन बंद करा, सिलिंडरचे व्हॉल्व उघडे ठेवून चावी नुसती ऑन करा आणि कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन गार असतानाच उघडून बघा. काही गाड्यांत इंजिन फिरत नसलं की गॅसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व) दोन-तीन सेकंदांत बंद होतो, तेव्हा चावी दोन-चार वेळा बंद-चालू करावी लागते. इंजिन फिरत नसताना बुडबुडे आले आणि गॅसचा वास आला, तर हेड शाबूत आहे, रेग्युलेटर बदला. इंजिन चालू असतानाच येत असतील तर मात्र गॅस्केटचं काम निघालं.